बैठकीच्या खोलीतली बस

४ मार्च

प्रिय ठकूस,

सा. न. वि. वि. नणंद म्हणून नमस्कार, धाकटी म्हणून आशीर्वाद. त्यातलं हवं ते घे.

फोन केला की तुझे दादा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. उत्तर लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठव. माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी कुणी डोकावत नाही.

काचबिंदूने त्यांची कडेची नजर गेली ते तुला ठाऊकच आहे. समोरचा पेपर घडाघडा वाचतात, पण बाजूने चहाचा कप पुढे केला तर दचकतात. डॉक्टरांनी बस बंद केली आणि घरची गाडीही. जन्मभर बस चालवलेला माणूस! त्यांचं म्हणणं एकच, रस्ता समोर असतो, कडेला नसतो. परवा मी कामावरून आले तर गाडीचं बॉनेट गरम लागलं. विचारलं, तर म्हणाले, उन्हाने तापलं असेल. दिवसभर आभाळ होतं गं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

आता मुद्द्याचं. बाजारात शहर-बस चालवायचा एक व्हिडिओ गेम आलाय. सोबत खरोखरचं स्टिअरिंग आणि पायाखाली पेडलं. खेळायचं यंत्र आपल्या कन्येने परगावी जाताना इथेच टाकलंय, टीव्हीखाली धूळ खातंय. चालवायची हौस घरातच भागली तर गाडीला हात लावणार नाहीत, असं मला वाटतं. की हे म्हणजे भुकेल्याला ताटाचं चित्र दाखवण्यासारखं होईल? स्वस्त नाही तो. तू त्यांची बहीण, तुला त्यांचा स्वभाव माझ्याआधीपासून माहीत. काय करू?

लवकर लिही. तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
वहिनी

११ मार्च

ती. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मुळीच घेऊ नका. दादाच्या हाती खेळण्यातलं स्टिअरिंग दिलं, तर तो ते तुमच्यासकट खिडकीबाहेर टाकेल.

पण न बघता नाक मुरडणं बरं नव्हे. हॉस्टेलच्या मुलींना विचारलं, तर एकीकडे तो गेम निघालाच. वॉर्डनबाई गेम खेळणार म्हटल्यावर अख्खा मजला गोळा झाला. थांब्यावरची माणसं वाचली, वहिनी, थांबा मात्र वाचला नाही! मुली हसून हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशीपासून मला बघून हॉर्न वाजवतात.

गेम मात्र चांगला आहे. काठी टेकत एक आजी चढतात, आणि त्या जागेवर बसायच्या आत बस हलवली की गुण कापतात. दादा आरशात बघत थांबायचा ना तसा, मागच्यांनी कितीही बोंबा मारल्या तरी? मला भरूनच आलं. उगीच चष्मा पुसला.

पैसे वाया जाणार नाहीत, पण दादा हात लावेल याची खात्री मी देत नाही. घ्यायचाच तर त्याच्यासाठी घेऊ नका, स्वतःसाठी घ्या. आणि नुसतं म्हणायला नाही, खरंच खेळा.

दादाला यातलं काही कळू देऊ नका, आणि कळलंच तर माझ्यावरची माया आटवू नका.
तुमची,
ठकू

२९ मार्च

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. घेतला बाई एकदाचा. खोकं पाहून ते म्हणाले, आता खुळखुळा तेवढा आणायचा राहिलाय, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस खोकं तसंच पडून होतं. तुझा सल्ला नसता तर मी परतच केला असता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतःच बसले. स्टिअरिंगला हात लावला तो जन्मात पहिल्यांदा. गिअर पडेना, इंजिन असं विव्हळायला लागलं की शेजारीण दारात येऊन विचारून गेली, काय झालं. हे आत कांदा चिरत होते. आधी आतूनच ओरडले, क्लच पूर्ण दाब म्हणून. मग सुरीसकट बाहेर आले. मग खुर्चीच ओढून बसले.

आता रोज संध्याकाळी शाळा भरते. स्वतः स्टिअरिंगला बोट लावत नाहीत, मला मात्र झाडून काढतात. ब्रेक म्हणजे शत्रूचा गळा आहे का, म्हणे. काल मी सगळे थांबे घेऊन बस डेपोत आणली, तर उठून चहा करून आणला.

गाडीची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. मागायचा धीर होत नाही. पण मी एक ठरवलंय. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय, खरंखुरं. हसू नकोस. हसलीस तरी पोटातल्या पोटात हस, आणि आहेस तशीच जवळ राहा.
तुझी,
वहिनी

१९ जून

चि. ठकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुमचं कारस्थान कळलं. तुझ्या वहिनीनेच सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही.

तिला लायसन्स मिळालं. रविवारी पहिल्यांदा आमची गाडी तिने बाहेर काढली. मी शेजारी बसलो होतो, रस्त्यावर नजर रोखून. रस्ता रिकामा होता. एकाएकी तिने ब्रेक दाबला. मोकळ्या रस्त्यात ब्रेक कशाला, म्हणून मी ओरडणार, तोच एक बाई सायकलवर मुलीला डबल सीट घेऊन आमच्या पुढून गेली. ती कुठून आली, मला कळलंच नाही. मुलीने आमच्याकडे बघून हात हलवला.

मी गाडी कडेला घ्यायला सांगितली. तुझ्या वहिनीने विचारलं, माझं काही चुकलं का. मी म्हटलं, नाही, तुझं बरोबर होतं. मग माझ्या खिशातली दुसरी किल्लीही काढून तिच्या पर्समध्ये टाकली. ती दुसरीकडे बघत राहिली. तेवढी समज तिला पहिल्यापासून आहे.

गेम घेण्यासारखा होता का, असं विचारशील. सुमार आहे. त्यातल्या बसला वजनच नाही, आणि एकही प्रवासी सुट्टे पैसे काढत नाही! तरी राहू दे. अलीकडे मीही एखादी फेरी मारतो. आजी बसेपर्यंत थांबतो.

येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. गाडी ती चालवेल. शेजारी बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो आणि ती वैतागते, म्हणून मी मागे बसणार आहे. मागच्या सीटवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. घाई नसली की मान वळवून कडेचंही दिसतं म्हणे. बघू या.

तुला माझे आशीर्वाद, आणि तुझ्या हॉर्न वाजवणाऱ्या पोरींनाही.
तुझा,
दादा