वडिलांच्या मोटारसायकलचा मीटर कोणी उघडावा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा जुन्या मोटारसायकलींचे मीटर दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. मागे घोळ नको.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. मागचा दरवाजा पावसात फुगतो. तो ओढू नये, उचलून लावावा. हे वीस वर्षे सांगतो आहे.

२. दुकान, भिंगे, चिमटे आणि मीटरचा काटा उचलायला मी चमच्यांच्या दांड्यांपासून बनवलेले हत्यार मुलीला. मी कुठल्या संस्थेत शिकलो नाही. पहिला मीटर उघडला तेव्हा त्यातली स्प्रिंग उडून वडिलांच्या चहात पडली होती. तिथून इथवर स्वतः आलो.

३. धाकट्या भावाला काहीही देत नाही. तो कोर्स करून आला आणि प्रमाणपत्र काचेत लावून समोरच दुकान थाटून बसला, हे कारण नव्हे. कारण असे: सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा मीटर माझ्या टेबलावर बरोबर चाले, रस्त्यावर वेग ताशी दहा किलोमीटर जास्त दाखवी. मी तीनदा उघडला, दोष सापडला नाही. तुम्हालाच गाडी चालवता येत नाही, असे त्यांना सांगितले. ते धाकट्याकडे गेले. त्याने मीटरला हातही न लावता, पुढचे चाक मूळ मापापेक्षा लहान बसवलेय, म्हणून जास्त फिरतेय, हे उभ्या उभ्या ओळखले. जेवताना पत्नी म्हणाली, भाऊजींची नजर भारी तेज. त्या जेवणाला चव नव्हती. तेव्हापासून मी त्याची पायरी चढलेलो नाही. त्याच्या दारात किती गाड्या उभ्या असतात ते माझ्या टेबलावरून दिसते. टेबल खिडकीशी हलवले ते उजेडासाठी.

४. वडिलांची मोटारसायकल. आमच्या कामात मीटर उघडणारा आत सुईने आपली खूण, म्हणजे नावाचे अक्षर, आणि साल कोरतो, म्हणजे आधी कोणी उघडला ते पुढच्याला कळते. या मीटरमध्ये माझ्या दोन खुणा होत्या. काटा चाळीसला थरथरायचा, तो गेल्या महिन्यात अचानक स्थिर झाला. मी हात लावलेला नव्हता. धाकट्याला रंगेहाथ पकडायचे म्हणून उघडला. चाकापासून मीटरपर्यंत येणाऱ्या केबलला मी घातलेले जास्तीचे ग्रीस वर चढले होते, ते कोणीतरी स्वच्छ पुसलेले. माझ्या खुणांखाली तिसरी खूण माझ्या मुलीची.

विचारले, तर म्हणाली, दोन वर्षे झाली काकाकडे शिकतेय. मी म्हटले, मला का नाही विचारलेस?

"बाबा, तुम्ही हातातलं हत्यार सोडता कुठे?"

तिची खूण भिंगाखाली धरली. रेघ सरळ, खोली सगळीकडे सारखी. तो हात पहिल्यांदा बसताना धाकट्याने पाहिला, मी नाही. बाकी सगळे सोडेन, पण हा हेवा भूल देऊनही उतरणार नाही.

तरी मोटारसायकल मुलीचीच, आणि मीटर यापुढे तिनेच उघडावा. धाकट्याने जवळ बसायला हरकत नाही. त्याने दिवा धरावा, सल्ला देऊ नये.

५. ऑपरेशनमधून उठलो, तर दिवा मी धरणार.

ठिकाण: माझे दुकान, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५, शनिवार
सही: मीटरवाले

साक्षीदार पहिले: शेजारचे छापखानेवाले. चष्मा घरी विसरल्याने त्यांना सगळे मोठ्याने वाचून दाखवले.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. त्याला काही मिळत नसल्याने कायद्याची हरकत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून कागद घेऊन मीच रस्ता ओलांडला. त्याने दोनदा वाचून सही केली आणि विचारले, "दादा, तू उठलास तर मग मी काय धरू?"

केबल धर म्हणून सांगितले आहे.