डोक्याकडचा दोर

प्रिय अलास्टर,

जगासाठी तू किनलॉरनचा लॉर्ड, आरमारातला कॅप्टन. मला मात्र उलटे बूट घालून पळणारा धाकटा भाऊच आठवतोस.

आईची शवपेटी कबरीत सोडायला आठ दोर लावले होते. डोक्याकडचा दोर मुलाचा, म्हणजे तुझा. घरून निघताना चुलतभाऊ इव्हनने त्यासाठी हात पुढे केला. आपल्याकडे बायका कबरीपाशी जात नाहीत, म्हणून मी दारातच कारभारी मर्डोला बजावलं, "तो दोर कुणी धरायचा नाही. अलास्टर समुद्रावर आहे, मेलेला नाही."

"बाईसाहेब, पेटी तिरकी जाईल."

"जाऊ दे."

तशीच गेली. ग्रिझेलने हट्टापायी आईला नीट झोपूही दिलं नाही, असं गाव अजून बोलतं.

काल तुझ्या जहाजावरचा लेफ्टनंट आला. तू तापाने आईच्या आधीच गेला होतास. शिडाच्या कापडात शिवून, पायाशी तोफेचा गोळा बांधून तुला फळीवरून समुद्रात सोडलं म्हणाला.

मी विचारलं, "डोक्याकडचा दोर कोणी धरला?"

तो म्हणाला, "बाईसाहेब, तिथे दोर नसतो."

आता इव्हन लॉर्ड झाला. तुझ्या नावाने रिकामी पेटी पुरू या म्हणतो. मी म्हटलं, "पुरू या. डोक्याकडचा दोर मी धरणार."

"बायका येत नाहीत, ग्रिझेल."

"हलकी आहे रे. मला पेलेल."

तुझी थोरली बहीण,
ग्रिझेल