दस्तुर लंका

राहुरी, ता. २४ जानेवारी १९७१

ती. अक्का यांस,
धाकट्या रंगनाथचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीचा, बनुबाईचा खोकला निम्मा गेला, निम्मा राहिला. सोबत तुझ्या लंकाच्या फोटोच्या तीन प्रती आहेत. दोन पुठ्ठ्यांत दाबून पाठवल्या आहेत. कोपरे मुडपले असतील तर दोष टपालाचा, माझा नाही.

संक्रांतीला तू म्हणालीस की मुलगा बडोद्याला नोकरीत आहे, आधी फोटो मागतो, तर लंकाला नगरला स्टुडिओत नेऊ. घरात कॅमेरा असताना स्टुडिओ कशाला? स्टुडिओवाला पोरीला सात फुटांवर बसवतो आणि मागे रंगवलेले कारंजे सोडतो. मी दीड फुटावर गेलो. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. मागच्या बाजूला 'रंगनाथ फोटो, राहुरी' असा शिक्का मारला आहे. तो रबराचा शिक्का मी स्वतः कोरला. सहावी शिकलेल्या इंजिन-मेकॅनिकचे कॅमेऱ्यातले हे पहिलेच वर्ष आहे, हे बघणाऱ्यांना आवर्जून सांगावे.

आता माझी अडचण. लंके, हा भाग अक्काला वाचून दाखवताना गाळू नकोस. माझा कॅमेरा रशियन, जुना घेतलेला. त्याला पस्तीस आकड्याचे भिंग आहे. लहान आकड्याचे भिंग रुंद बघते, मांडवातली सगळी वऱ्हाडी मंडळी त्यात मावतात. मोठ्या आकड्याचे थोडेच बघते, पण लांबचे ओढून जवळ आणते. मुंबईच्या एका जुन्या मालाच्या दुकानदाराने तीन भिंगे कळवली आहेत: अठ्ठावीस, अठ्ठावन्न आणि एकशेपस्तीस. परवडणार एकच. तिन्हींचे आटे माझ्या कॅमेऱ्याला बसतात, हे मी त्याच्याकडून लिहून घेतले आहे. काच उजेडात धरून आत बुरशी नाही ना, तेही बघायला सांगितले. इंजिनाचा नट चुकला तर दुसरा लावता येतो. भिंग चुकले तर वर्षभर त्याचे तोंड बघत बसायचे. माझे फोटोचे पुस्तक म्हणायचे (ते तुझ्याकडे राहिले का, बघ), नवशिक्याने आधी आपण काय काढणार ते ठरवावे. माझे ते लोकच ठरवतात. जीव नुसता खालीवर होतो आहे.

बडोदेकरांचे काय ते लवकर कळव. माया आहे तशी दाट राहू दे, पाणी घालू नकोस.

तुझा,
रंगनाथ
(दस्तुर खुद्द)


घोडेगाव, ता. ११ फेब्रुवारी १९७१

चि. रंगनाथ यास,
मुक्ताबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो पोहोचले. सर्वांना आवडले. शेजारची साळूबाई तर बराच वेळ बघत राहिली. बडोद्याच्या मुलाची माणसे शेवगावची. त्यांनी फोटो परत पाठवला आहे. सध्या विचार नाही असा निरोप आहे. त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही. पत्रिकेचे काही असेल.

भिंगाबद्दल तू विचारलेस. माझे मत असे की एकशेपस्तीस मुळीच घेऊ नये. ते लांबडे, जड आणि अंधारे असते. हात जरा हलला की चित्र पुसट होते. नवशिक्याने अठ्ठावीस घ्यावे. त्यात घरादारासकट माणूस दिसतो. लंका पुढच्या आठवड्यात मामीच्या मदतीला तिकडे येत आहे. तेव्हा नेवाशाच्या स्थळासाठी तिचा दुसरा फोटो काढ. पहिल्यासारखाच, पण आणखी थोडा जवळून.

ज्वारी बरी आहे. तांबडा बैल जरा लंगडतो. पत्र पाठवत जा, वाट बघायला लावू नकोस.

मुक्ताबाई
दस्तुर लंका (आईने सांगितले, मी लिहिले)


राहुरी, ता. २० मार्च १९७१

ती. अक्का यांस,
रंगनाथचा सा. न. वि. वि.

नेवाशाचाही फोटो परत आला, असे तुझ्या कालच्या पत्रात एका ओळीत आहे. एका ओळीत. मी ती ओळ सकाळपासून वाचतो आहे. लंका इथे होती तेव्हा सव्वा फुटावरून काढलेला फोटो तो. "मामा, अजून पुढे या, अजून," असे ती म्हणत होती आणि मी जात होतो. उजेड बरोबर होता. छपाई दोनदा केली. मग नकार कशाचा? इंजिन उघडले की हात आपले काम करतात, पण डोके तुझ्या ओसरीवर असते. पोरीचे माझ्यामुळे तर अडत नाही ना? खरे ते लिही. मला लागेल, पण लिही.

भिंगाचे तुझ्या सल्ल्याने ठरवले. अठ्ठावीस राखून ठेवा असे दुकानदाराला कळवले आहे, पाडव्यानंतर मनीऑर्डर करतो. बनुबाई मला हसते. म्हणते, अक्का फोटोला फोटू म्हणतात, आणि गेल्या साली त्यांनी कॅमेऱ्याच्या पेटीवर पापड वाळत घातले होते. त्यांना भिंग अंधारे असते हे कधीपासून कळायला लागले? मी तिला म्हणालो, शहाणपण शाळेतच मिळते असे नाही, माझ्याकडे बघ. त्यावर ती आणखीच हसली.

दाजींना नमस्कार. भावाला विसरायचे नाही, एवढेच मागणे.

तुझा,
रंगनाथ


घोडेगाव, ता. २ एप्रिल १९७१, बाजारचा दिवस

चि. रंगास आशीर्वाद.

लंका मैत्रिणीच्या हळदीला गेलीया म्हनून टपालवाल्या पुंजारामभाऊंना धरलंय. मला लिवता वाचता आलं असतं तर आज ही पाळी न्हवती. भाऊ, मी बोलते तसंच लिवा.

रंगा, तुला मी लंकेकडून तीन पत्रं घातली. दरवेळी इचारलं, आरं, पोरीचं नाक तू एवढं कसं केलंस? साळूबाई फोटू बघून म्हनली, ही लंका हाय का लंकेची आत्या? शेवगावची बाई म्हनली, पोरगी उंबऱ्याभाईर आन् नाक माजघरात. दुसऱ्या फोटूत तर नाक त्याच्याहून मोठं. नेवाशाच्यांनी इचारलं, पोरीला बारमाही सर्दी हाय का? दरवेळी तुला सांगितलं, तुझ्या पयल्या पत्रात लांबचं ओढनारं भिंग हुतं त्ये घे, न्हाईतर मी नगरला स्टुडिओत नेते. तुझं पत्र आलं की लंका वाचून दावती. त्यात नुसती खुशाली आन् इंजिनं. नाकाचं एक अक्षर न्हाई. एवढी कसली रं हुशारी, की बहिणीला उत्तर द्यायची न्हाई?

वैशाखाच्या शेवटाला जामखेडचं तिसरं ठिकान हाय. पोरीला एकोणीस सरत आलं. तिथून बी फोटू परत आला तर गावात तोंड काढायची सोय न्हाई. अन्न गोड लागत न्हाई मला. तू माझा भाऊ हाईस का स्टुडिओवाल्याचा?

मुक्ताबाई
दस्तुर पुंजाराम (बाई बोलल्या तसेच लिहिले आहे. शेवटचे वाक्य गाळा म्हटले, नाही म्हणाल्या.)


राहुरी, ता. ७ एप्रिल १९७१

चि. लंका हिस,
मामाचे आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच. नाहीतरी त्या घरात पत्र वाचणारी तू एकटीच आहेस.

मुंबईची मनीऑर्डर मी थांबवली. मग इंजिनाचे मोठे चाक अंगणात उभे केले आणि पस्तीसच्याच भिंगातून दीड फुटावरून काढले. पुढची कड परातीएवढी, मागची ताटलीएवढी. तेच भिंग, तेच चाक, पण नऊ फुटांवरून काढले, तर चाक गोल. म्हणजे दोष आकड्याचा नाही, अंतराचा आहे. फार जवळ गेले की पुढचे उगाच मोठे होते, मग ते चाक असो की नाक. पण नऊ फुटांवरून माझ्या भिंगात चेहरा हरभऱ्याएवढा येतो, आणि वाढवला की वर बाजरी सांडल्यासारखे दाणे दिसतात. म्हणून चेहऱ्याला लांबून ओढणारे भिंग हवे. हे मला आधी कळायला हवे होते.

तुला कळले होते. अजून पुढे या, असे कोण म्हणाले? अक्काच्या तोंडी अंधारे भिंग कोणी घातले? तिचे तीन वेळचे बोलणे तू गाळलेस, आणि माझ्या पत्रातलेही गाळून वाचलेस. शेवगावापासून नेवाशापर्यंत ते नाक फिरले आणि त्याच्या मागे माझा शिक्का आहे, लंके. मी अर्ध्या शाळेचा माणूस. माझ्यापाशी कामातला चोखपणा, एवढीच काय ती इस्टेट. तिला हात घालताना तुला काही वाटले नाही?

का केलेस ते लिही. रागावलो आहे, पण वाट बघतो आहे.

मामा


घोडेगाव, ता. १४ एप्रिल १९७१

ती. मामा यांस,
लंकाचा सा. न. वि. वि.

पहिला फोटो मी बिघडवला नाही. तो आपला आपण तसा आला. शेवगावचा नकार आला तेव्हा आई रडली, आणि मी गोठ्यात जाऊन हसले. मग मला माझीच भीती वाटली. भिंगाचे सगळे मी तुमच्याच पुस्तकात वाचले. संक्रांतीला तुम्ही ते इथे विसरून गेलात. पुस्तक सापडले का असे तुम्ही पत्रात विचारले होते. ती ओळही मी आईला वाचून दाखवली नाही.

मामा, नगरला नर्सचे शिक्षण असते. माझे मॅट्रिकचे गुण पुरतात, राहायची सोय तिथेच होते. वडिलांना सांगितले, तर ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. आईला सांगायचा धीर होत नाही. ती म्हणेल, दुसऱ्याची दुखणी काढायला तुला वाढवली का? एकदा लग्न ठरले की संपले. म्हणून एकेक नकार आला की मला तेवढे दिवस मिळायचे. तुमच्या नावाचे काय होईल हा विचार मी केला नाही असे नाही. केला, आणि बाजूला ठेवला. आईचे बोलणे गाळताना मात्र दरवेळी मी तिच्याकडे पाठ करून लिहायचे.

आता माझेच माझ्यावर उलटले आहे. फॉर्म एकतीस मेच्या आत पोहोचायला हवा आणि त्याला फोटो लावायचा आहे. माझ्याकडे फोटो म्हणजे ती दोन नाके. नगरच्या बाई फोटो बघतील, मला बघतील, आणि विचारतील ही कोण. मामा, लांबचे भिंग घ्या. मी मामीच्या कुरडयांना येते. आईला मात्र कळवू नका. तुम्ही रागावलात तरी मामाच राहा.

तुमची,
लंका


राहुरी, ता. १६ मे १९७१

ती. अक्का यांस,
रंगनाथचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी पुंजारामभाऊंच्या नावे पाठवत आहे. त्यांनी ते तुला बाजारात वाचून दाखवावे.

एकशेपस्तीसचे भिंग आले. जड आहे, अंधारे आहे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा लागतो. लंकाने तुझ्या नावाने लिहिले होते ते सगळे खरे निघाले, फक्त घेऊ नये एवढे सोडून. तिला नऊ फुटांवर बसवून काढलेला फोटो सोबत आहे. आता नाक देवाने दिले तेवढेच आहे.

आणि आता जे लिहितो ते ऐकताना बाजारात आहेस हे विसरू नकोस, आवाज चढवू नकोस. नाकाचे तुझे बोलणे माझ्यापर्यंत आलेच नाही. लंकाने ते लिहिले नाही. तिला नगरला नर्सचे शिकायचे आहे आणि नकार आलेले तिला हवे होते. हा फोटो तिने त्या फॉर्मसाठी काढून घेतला, तुझ्यापासून लपवून. मी तिला म्हणालो, चोरून काढलेल्या फोटोवर माझा शिक्का मी मारत नाही, एक प्रत अक्काला जाणार. ती दिवसभर रडली, बनुबाईने तिचीच बाजू घेतली. तरी लिहितो आहे. तिने तुझे शब्द खाल्ले, हा अपराध आहे. शिक्षा तू ठरव.

पण एक सांगतो. दाजी बैल घेताना दावणीला नाक लावून बघतात का? दहा पावले मागे जातात, मग बोलतात. मी पोरीच्या दीड फुटावर गेलो आणि मला वाटले आता सगळे दिसले. तूही तिच्या तेवढीच जवळ आहेस, अक्का. जरा मागे जाऊन बघ.

हाच फोटो जामखेडला पाठव, नाहीतर फॉर्मला लागू दे. दोन्हीकडे चालेल इतका तो चांगला आला आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगायला नको. फॉर्म माझ्या पेटीत आहे. त्यावर दाजींची सही लागते. तुझा शब्द आल्याशिवाय मी तो हलवणार नाही. एकतीस तारीख डोक्यात इंजिनासारखी धडधडते आहे. रागात का होईना, पण उत्तर दे.

तुझा,
रंगनाथ


घोडेगाव, ता. २३ मे १९७१

चि. रंगास आशीर्वाद.

लंका लिवतीया. तिला म्हनलं, मी बोलते तसंच लिव, शुद्ध करू नको. पेटीत टाकायच्या आदी पुंजारामभाऊ मला वाचून दावनार हाईत.

तुझं पत्र त्यांनी बाजारात दोनदा वाचलं. आवाज चढवला न्हाई, बैलांचाच लई हुता. घरी येऊन पत्र लंकेच्या हातात दिलं, म्हनलं वाच. शब्द खाल्ल्याचं जिथं हुतं तिथं थांबली. मी म्हनलं, पुढं. वाचलं. मग दोन दिस तिच्या हातची भाकर खाल्ली न्हाई. नाकाचं एवढं न्हाई रंगा, लोक काय, हसत्यात आन् इसरत्यात. पन मला लिवता येत न्हाई म्हनून तिचा हात हे माझं तोंड हुतं. त्येच तिनं बंद केलं. त्ये मला लई लागलं. हे बी लिव लंके, रडू नको, कागद भिजंल.

तुझ्या दाजींनी फोटू हातात घेतला न्हाई. मला धरायला लावला आन् ओसरीवरनं पार गोठ्यापर्यंत मागं गेले. तिथनं बघत उभे. म्हनले, रंगनाथ म्हनतो त्यात खोटं न्हाई. वरसभरात त्यो मानूस एवढं बोलला न्हवता. त्यास्नी सहीपुरतंच येतं, पन सही ठसठशीत करत्यात. परवाच्या यष्टीनं तिकडं येत्यात. फॉर्म पेटीतनं काढून ठेव.

जामखेडला निरोप धाडलाय, औंदा न्हाई. औंदा म्हनलंय, कायमचं न्हाई. हे नीट लिव. शिकून झालं की बघू. तवर तू त्ये आखूड भिंग इकून टाक, न्हाईतर मांडवातल्या गर्दीला ठेव, पन माझ्या दारात आनू नको. आन् शिक्षा म्हनशील, तर नगरहून दर पंधरा दिसाला पत्र. पुंजारामभाऊ वाचतील, म्हंजे गाळायची सोय न्हाई.

बनुबाईला सांग, कॅमेऱ्याच्या पेटीवर पापड लई चांगले वाळले हुते. जीव लावतोस तसा लावत ऱ्हा.

मुक्ताबाई
दस्तुर लंका

(बाईंना वाचून दाखवले. सर्व बरोबर आहे. शेवटी एक वाक्य लंकाने गाळले होते, ते बाईंच्या सांगण्यावरून मी लिहीत आहे: पोरगी गेल्यावर मला घरात करमायचं न्हाई. दस्तुर पुंजाराम, टपालवाला.)