बाबांच्या नावासमोरच्या लाल ओळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाळणी बसवली एकदाची. माह्या जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन गेलता, त्याच्यात डेबियन लिनक्स टाकलं आन् टीव्हीच्या मागं राऊटरजवळ ठेवला. आता घरातल्या सगळ्या फोनचं नेट याच्यातून गाळून जाईन. जाहिराती, पाळत ठेवणाऱ्या कंपन्या, सारं इथंच अडन. मी खूश. बायको, प्रीती, म्हणे, "पहिले माह्या शाळेच्या प्रिंटरले तुमच्या लिनक्सवर चालू करून द्या, मग जगाले वाचवा." प्रिंटर बाकी आहे, खरं आहे.

बाबांना समजावून सांगितलं. राजूरच्या खाणीत उभी नोकरी इलेक्ट्रिशियनची, लवकर समजते त्यांना. ऐकून म्हणे, "म्हंजे मेन स्विच तुह्याजवळ."

म्हटलं, कंपनीजवळ असण्यापेक्षा बरं ना बाबा.

९ नोव्हेंबर, रविवार

जुगार, डेटिंग, भलतंसलतं अडवणारी एक आयती यादी सापडली. आत काय काय आहे ते न पाहताच चाळणीत टाकून दिली. आजपासून घर एकदम साफ.

दुपारी बाबा: "अवी, घरी नेट बरोबर नाही चालून राह्यलं का? बाहेर गेलं की चालते."
मी: "फोन जुना झाला तुमचा."
टायपिंग करता करताच बोललो. मान वर करून पाह्यलंही नाही त्यांच्याकडं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजच्या लॅबमधून घरी आलो, चाळणीची नोंद उघडली. कोणत्या फोननं कोणता पत्ता मागितला, किती वाजता, सारं लिहून ठेवते ती. अडवलेलं लाल दिसते. बाबांच्या फोनसमोर लालच लाल. रोज दुपारी दोन ते तीन. म्हणजे मी लॅबवर, प्रीती शाळेत, घरी बाबा एकटे, तेव्हा.

वाटलं, फोनमधी काही घाण घुसली. पत्ता वाचला. पुनर्विवाहाची साइट. पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी.

माह्या त्या आयत्या यादीनं तिले डेटिंगमधी धरलं होतं.

आई जाऊन चार वर्षं झाली. दुपारचा चहा बाबा स्वतः करतात, एक कप. साखरेचा डब्बा झाकत नाहीत, मुंग्या होतात, प्रीती कुरकुर करते. एवढंच मले त्यांच्या दुपारबद्दल माहीत होतं.

यादीतून ती साइट काढायची, तोंडाले कुलूप लावायचं, संपलं. एका मिनिटाचं काम होतं. साइट तर लगेच मोकळी केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रीतीले सांगितलं. भाजी निवडून राह्यली होती. कायले सांगितलं? पोटात राह्यलं नाही, दुसरं काय. "आयकलं का, नवरदेव आहे आपल्या घरात." ती हसली, मी हसलो. बाबा अंगणात पाणी मारून राह्यले होते, म्हणून हळू आवाजात हसलो.

आता लिहिताना लाज वाटून राह्यली.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रीतीनं माह्या बहिणीले, मीनाताईले सांगितलं, फोनवर, गमतीगमतीत. ताई नागपूरले राहते, पण आवाज इथं वणीपर्यंत फोनशिवाय येते. तिनं लगेच बाबांना लावला. मी बाजूच्याच खोलीत.

"हे वय आहे का बाबा? माह्या सासरी समजलं तर काय तोंड दाखवू मी? आईचा फोटो तरी आठवा!"

बाबांचा आवाज एकदाच ऐकू आला. "बरं." मग फोन ठेवल्याचा.

जेवताना विचारलं त्यांनी, "मीनाले कोनं सांगितलं असन?"

आन् मी, हा शहाणा, लॅबमधी पोरापोरींले प्रायव्हसीचं लेक्चर देणारा, काय बोललो? "या कंपन्या सारं विकतात बाबा. तुम्ही पाह्यलं की त्याची जाहिरात तिच्या फोनवर गेली असन."

प्रीतीनं माह्याकडं पाह्यलं. बाबा म्हणे, "अस्सं. लय बेकार काम आहे मग." भाकर अर्धी टाकून उठले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबांनी घरचं वायफाय सोडलं. स्वतःच रिचार्ज मारून आणला. चाळणीच्या नोंदीत तीन दिवसांपासून त्यांचा फोनच नाही. हो, पाह्यलं मी. पाहणं काही सुटत नाही.

प्रिंटर चालू झाला आज. प्रीती खूश होईन वाटलं. ती म्हणे, "मी ताईले सांगितलं, माह्यी चुकी. पण पाह्यलं कोनं? आन् त्या माणसाले खोटं कोनं सांगितलं?" कंपन्यांपासून बाबांना वाचवायले निघालो होतो, आता बाबा माह्यापासून वाचून राह्यले.

दुपारी लवकर आलो तर बाबा गच्चीवर होते. चंद्रपूर रोडच्या ट्रकांची धूळ रोजची, खुर्ची पुसून बसले होते. फोन खिशात. नुसतेच बसले होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगतो म्हणून दोनदा गेलो त्यांच्या खोलीत. एकदा नेलकटर मागितला. एकदा पंखा बंद करू का विचारलं. नोव्हेंबरात पंखा चालू कुठून असन! डोकं फिरलं माह्यं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

गच्चीवर. ते तुरीच्या शेंगा सोलून राह्यले होते, मीही घेतल्या मूठभर. म्हटलं, बाबा, जाहिरातबिहिरात काही नाही, मीच पाह्यलं. माह्या त्या चाळणीत दिसते. मीच प्रीतीले सांगितलं. आन् घरी तुमचं नेट चालत नव्हतं तेही माह्याच पायी, फोन चांगला आहे तुमचा.

हात थांबले नाहीत त्यांचे. चार-पाच शेंगा तशाच सोलल्या. मग म्हणे, "सांगताना हासला होता का?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो."

"हं."

मग सोलता सोलताच सांगितलं त्यांनी. दारव्ह्याकडच्या एक बाई आहेत. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. बोरी अरबचा बाजार, गुडघे, लेकाची बदली, असंच बोलणं चालू होतं त्यांचं. "मधी त्याइनं तीन निरोप पाठवले. मले घरी दिसेचना. त्याइले वाटलं मी मोठेपना करून राह्यलो. बाहेर गेलो तं दिसले, मंग लिहिलं मी, घरचं नेट खराब हाये म्हून." पुढची शेंग सोलली. "मंग मीनाचा फोन आला. त्याच दिवशी नाव काढून टाकलं मी तिथून."

म्हटलं, परत टाकू बाबा. मी करून देतो. आत्ता.

"तू नोको करू."

बस. शेंगा संपल्या, टोपलं घेऊन खाली गेले. मी फोलपटं झाडत बसलो वर. रडू आलं, खोटं कायले बोलू रोजनिशीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सगळ्या जुन्या नोंदी पुसल्या. चाळणीले नोंद ठेवणंच बंद करून टाकलं. जाहिराती अडतीन, पण कोणं काय पाह्यलं ते कुठंच लिहिलं जाणार नाही. ती आयती यादीही पूर्ण काढली. मीनाताईले फोन केला, म्हटलं, यात बाबांची चुकी काहीच नाही, तू माफी माग. तिनं अर्धा तास माह्यीच खरडपट्टी काढली. माफीचं "पाहीन" म्हणे.

बाबांना जाऊन सांगितलं, आता नोंद बंद आहे, खुशाल वापरा वायफाय.

चष्मा पुसत म्हणे, "बंद केलं म्हनतं. मले कसं समजन?"

कंपन्यांबद्दल मी हेच बोलतो. लॅबमधी, लग्नात, चहाच्या टपरीवर. ते म्हणतात म्हणून विश्वास ठेवता का, डोळ्यानं पाह्यलं का, असं. बाबांनी डोळ्यानं पाहावं म्हणून त्यांना माह्या नव्या लॅपटॉपवर चाळणीची सेटिंग उघडून दाखवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. वाकून पाह्यलं त्यांनी, मीटर पाहायचे तसं. "मले यातलं काय समजते बाप्पा," म्हणे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांनी पांढरा शर्ट इस्त्रीले टाकला. कुठं जाणं आहे का, प्रीतीनं विचारलं. "मळला होता." मळला नव्हता.

मी काही विचारलं नाही. साखरेच्या डब्ब्याचं झाकण मात्र प्रीतीनं आज कुरकुर न करता लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी दोन वाजता बाबा गच्चीवर. चहाचा कप कठड्यावर, मान खाली, अंगठा फोनवर हळूहळू चालून राह्यला होता. एकदा हासले. मी जिन्यातून पाह्यलं आन् पाय न वाजवता खाली आलो.

त्यांचा फोन वायफायवर परत आला की अजून स्वतःच्याच रिचार्जवर आहे, एक कमांड मारली की समजते. चाळणी नोंद ठेवत नाही, पण घरात आत्ता कोण जोडलेलं आहे ते राऊटर सांगते. टर्मिनल उघडलं. अर्धी कमांड टाइप केली. पुसली.

लॅपटॉप बंद करून प्रीतीसोबत भाजी निवडत बसलो. वरून पुन्हा एकदा हासल्याचा आवाज आला. ती माह्याकडं पाहून राह्यली होती.

नाही मारली कमांड. अजून तरी.