दिवेलागणीचं विरजण

आई, तू गेलीस तेव्हा धनजच्या आपल्या गल्लीतल्या बायका हसून सांगत होत्या, बाई मनाची मोठी, पण रीतभात कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं तिला. दिवे लागल्यावर घरातलं दही बाहेर देत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि तू नेमकी तेव्हाच वाटी घेऊन समोरच्यांच्या दारात. आत सुनेला मारल्याचा आवाज येत असायचा, आणि तू अंगणातून ओरडायचीस, "इरजन हाय काय वो?" सगळं एकदम गप्प. सासू तणतणत बाहेर येते, "दिवे लागल्यावर इरजन मागते काय कोनी?" आणि तिच्यामागून सून, पदरानं तोंड पुसत. मी सात-आठ वर्षांची, लाजेनं मेलेली, सगळ्यांदेखत बोलून जाते, "आई, आपल्या घरी तं गंजभर दही हाय!" घरी आल्यावर तू माझा कान पिळलास. "दही गेलं चुलीत. ते बाई बाहीर आली पायजे, बस."

त्या सुनेच्या नवऱ्याचा राग निवेपर्यंत तू ओट्यावर बसून शिव्या खायचीस. जे देता येत नाही तेच मागायचं, म्हणजे नाही म्हणायला तरी दार उघडावं लागतं, हे तुला कुणी शिकवलं गं? शाळेचं तोंडही तू पाहिलं नव्हतंस. मी अजून थक्क होते.

मी आता कामरगावला असते. गेल्या महिन्यात शेजारची पोरगी किंचाळली तेव्हा वाटी घेऊन गेले. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं, मी विरजण म्हटलं, आणि तो इतका चक्रावला की बाजूलाच सरला, आणि ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जीपनं कारंज्याला समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही 'सांभाळून घे' म्हणाल्या नाहीत. कायद्यानं काय मिळतं, राहायची सोय कुठे होते, ते समजावलं, आणि ठरवायचं तिच्यावर सोपवलं. अर्ज तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. तिच्या अक्षराकडे मी बघतच राहिले.

माहेरच्या बसमध्ये चढताना तिनं विचारलं, "ताई, तुमाले कवापासून आयकू येत होतं?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं.

आई, ते खोटं होतं. पोळ्यापासून मला ऐकू येत होतं, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवत होते.