अर्ध्या ठरावाचे दोन दिवस

आप्पा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे गुडघे गेले, एक डोळा गेला, पण राग आहे तिथेच आहे. तुमच्या सख्ख्या भाच्याने तुम्हाला नऊ दिवस कोंडून ठेवलं, त्याबद्दल मी बोलत नाही. त्याने सोडल्यावर तुम्ही आपणहून आणखी दोन दिवस तिथे ठाण मांडून बसलात, त्याबद्दल बोलते आहे. असं कोणी करतं का? तुरुंगाचं दार उघडं, आणि कैदी म्हणतो, थांबा.

बेचाळीसच्या गडबडीनंतरचे ते दिवस. सगळ्यांनी राजीनामे दिले होते, आणि तुम्ही तेवढे लोकल बोर्डाच्या खुर्चीला चिकटून होतात. मला शाळेत जाता-येता टोमणे बसत, ‘सरकारच्या मेंबराची पोरगी’ म्हणून. मी सतरा वर्षांची होते, मुलींच्या शाळेत नुकती शिकवायला लागले होते, आणि मान वर करून चालायची सोय राहिली नव्हती. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, राजीनामा दिला तर नाल्यावरचा पूल कोण मागेल? झालं. सारा देश पेटलाय आणि आमच्या घरात पुलाची चर्चा. तिकडे खांडबाऱ्याच्या पलीकडे चार गावांत भाच्याने आणि त्याच्या सोबत्यांनी आपलं निराळं सरकार काढलं होतं. त्यांचा शेतसारा वेगळा, निवाडे वेगळे, फौजदाराला गावात पाऊल टाकायची बंदी. आणि एका मंगळवारी तुम्ही बैलगाडीतून एकटे त्या वाटेने निघालात, तर यांनी गाडी अडवली.

पुढचं भाच्याने मला नंतर हसत हसत सांगितलं. तो आधी तुमच्या पाया पडला, मग म्हणाला, “मामा, तुमले अटक शे.” तुम्ही विचारलंत, “हुकूम कोठे शे?” हुकूम नव्हता. मग तुम्हीच त्यांना गाडीत बसल्या बसल्या अटकेचा हुकूम कसा लिहायचा ते सांगितलंत! शेतातल्या धान्याच्या कोठीत त्यांनी तुम्हाला ठेवलं आणि राजीनामा मागितला, तर तुम्ही म्हणालात की राजीनामा बोर्डाच्या अध्यक्षांकडे द्यायचा असतो, तुमच्याकडे देऊन काय उपयोग? नऊ दिवस त्या पोरांना तुम्ही सभेचं कामकाज शिकवत होतात. विषय कसा मांडायचा, ठराव कसा लिहायचा, खाली सूचक कोण, अनुमोदक कोण. वर त्यांच्याकडून दोन वेळा भाकरी खात होतात.

आणि इकडे आई. तुम्ही परत येईपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालणार नाही म्हणून बसली होती. सकाळ-संध्याकाळ वाटीभर ताक, तेवढंच. मी पाया पडले, ओरडले, ताट आपटलं. काही उपयोग नाही. हट्ट तुमचा मोठा की तिचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नवव्या दिवशी दुपारी बांगड्या विकणारे चाचा त्या गावांतून फिरून आले आणि ओट्यावर गाठोडं टेकवून म्हणाले, “भाभी, सुटी गया भाऊ. संध्याकाळलोंग येतीन.” आई उठली. भिंतीला धरून धरून उठली, आणि स्वतः वरण शिजायला घातलं, गोवऱ्यांवर बट्ट्या भाजल्या. मला हात लावू दिला नाही. संध्याकाळ झाली, दिवे लागले, बट्ट्यांचे दगड झाले, तुमचा पत्ता नाही. सोडल्याची बातमी आणि माणूस नाही, म्हटल्यावर तिने काय समजायचं? दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढेच कोसळली. वैद्य आले, नाडी पाहून म्हणाले, आजची रात्र जड आहे. त्या रात्रभर मी तिचे तळपाय चोळत होते आणि जेवढे देव ठाऊक होते तेवढ्यांना नवस बोलत होते.

अकराव्या दिवशी तुम्ही आलात. चालत, काठी हलवत, अंगावर पांढरं स्वच्छ धोतर! आई अंथरुणावरून म्हणाली, “अकरा दिन कैदमा व्हतात ना तुम्ही? धोतर इतलं पांढरं कसं?” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “पोरगी हुशार शे.” मला त्याचा अर्थ लागला नाही. लावायला वेळही नव्हता, कारण उशीर का झाला ते तुम्ही सांगत होतात. काय, तर सुटकेच्या ठरावाला अनुमोदकच नव्हता. तो नवापूरला गेला होता. “ठराव अर्धा शे, मी पुरा कसा सुटू?” आई संतापाने उठून बसायला गेली. “भाचानी तुमले कोंडं, आनि तुम्ही त्यासले शिकाडत बसनात?” तर तुमचं उत्तर काय? “सरकार शे तं सरकारसारखं वागाले पायजे.” आई वाचली, पण तिचं पोट कायमचं गेलं. पुढे वीस वर्षं अर्ध्या भाकरीवर काढली तिने. जेवायला बसली की मला तुमचा तो अनुमोदक आठवायचा.

त्याच आठवड्यात फौजदार घरी आला. कोणी धरलं, विचारू लागला. कधी अर्जातही खोटं न लिहिणारा माणूस तुम्ही, शांतपणे म्हणालात, तोंडं बांधलेली होती, ओळखलं नाही. पुढे त्या कोठीवर धाड पडली, पोरांच्या सरकारची वही जप्त झाली, आणि कोणावर काही शाबीत झालं नाही. मला वाटलं, नशीब.

गेल्या महिन्यात तो भाचा, म्हणजे माझा आतेभाऊ, येऊन गेला. दात राहिले नाहीत, पण हसणं तेच. मी नेहमीप्रमाणे अनुमोदकावरून तुमचा उद्धार केला, तर त्याचं हसू थांबलं. म्हणाला, कसला अनुमोदक, तो तर तिथेच बसला होता. सुटकेचा ठराव वाचायला म्हणून तुम्ही वही हातात घेतलीत आणि मागची पानं उलटलीत. पोरांनी खरं सरकार म्हणून सगळं दप्तर नीट ठेवलं होतं. धान्य कोणी दिलं, आसरा कोणी दिला, खबर कोणी दिली, नावानिशी, आणि आलेल्या चिठ्ठ्या खळीने पानांना चिकटवलेल्या. “फौजदारना हातमा हाई वही गयी तं आख्खं गाव आत जाई,” म्हणून तुम्ही त्यांना झाडलंत, आणि दोन दिवस बसून नावांविना नवी वही लिहून घेतलीत. जुनी चुलीत घातलीत. एक चिठ्ठी तेवढी आधी सोडवून वेगळी जाळलीत, कोणाला दाखवली नाहीत, असं तो म्हणाला.

चिठ्ठीत एवढंच होतं: मंगळवारी सकाळी, गाडीत एकटे, खांडबाऱ्याच्या वाटेने. अक्षर तुम्हीच माझ्याकडून गिरवून घेतलेलं होतं, ओळखायला कितीसा वेळ लागला असणार.

तरी राग येतोच, आप्पा. घरी दोन शब्द धाडता आले असते. चाचांकडे निरोप देता आला असता. पुढे इतकी वर्षं एका घरात राहिलो, आईच्या ताटावरून मी तुम्हाला रोज ऐकवत होते, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेत होतात. एकदा तरी म्हणायचं होतं, गप, तुझ्यामुळे. हे मी कोणाला दाखवणार नाही, वाचणारं आता आहे तरी कोण. पण पहिल्या संध्याकाळी कोठीत मी भरून दिलेली पिशवी उघडलीत, तेव्हाच तुम्हाला कळलं असणार. तुम्ही त्याच दिवशी परतणार होतात, आणि पिशवीत तीन धोतरं होती. पोरं मला म्हणाली होती, दोनच दिवस ठेवू. तिसरं मी असू द्यावं म्हणून टाकलं होतं.