पंचांगात ठेवलेली चिठ्ठी

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
माघ, तिथी बघायचं मी आता सोडलंय

प्रिय मृण्मयी,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. आईच्या उशाशी ठेवायला तू पाठवलेली बिनतारी घंटा आणि समोरच्या धारूरकरांच्या दाराची घंटा एकाच सुरात वाजतात. त्यांच्याकडं दूधवाला आला की मी बेडपॅन घेऊन धावतो, आणि आई मला बोलावते तेव्हा धारूरकरवहिनी दार उघडून रिकाम्या जिन्याकडं बघत राहतात. चोपन्न वर्षांचा संस्कृतचा प्राध्यापक असा धावताना तू पाहायला हवा होतास. लहानपणी मला छळायला तुला एवढी साधनं लागत नसत.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. भाद्रपदातच कॅन्सरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती की आईला पॅलिएटिव्ह विभागात दाखवा. मी ती घरी आणून पंचांगात ठेवली. माझ्या समजुतीनं डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला तिकडं पाठवतात. मग पितृपक्षात असल्या ठिकाणी पाऊल नको, नवरात्रात अशुभ नको, दिवाळीत तर नकोच, असं करत दोन महिने काढले. वर्गात पोरांना तर्क शिकवतो मी! आणि इकडं आई हाडांच्या दुखण्यानं पदराचा बोळा दातात धरून पडलेली असायची. तुझा फोन आला की बोळा काढून म्हणायची, बरी आहे गं.

दिवाळीनंतर गेलो. तिथल्या डॉक्टर मंजुषाबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, केमो चालू राहू द्या, आम्ही त्याच्या जोडीनं दुखणं, मळमळ, झोप बघतो. हे तर पहिल्या दिवसापासून करायचं असतं. तुम्ही ज्याला घाबरलात ते हॉस्पिस. आजार हटवायचे उपाय थांबवायचे ठरलं, की उरलेले दिवस सुखाचे जावेत म्हणून ते. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठ दिवसांत आई मेथी निवडायला बसली. मी निवडलेली जुडी तिनं नाक मुरडून पुन्हा निवडली.

माझ्यासारखे विद्वान आपल्या घराण्यात आणखी आहेत. दर बुधवारी त्या विभागाच्या नर्स केसरबाई घरी येतात, ही बातमी वैजापूरला तात्यासाहेबकाकांच्या कानावर गेली. पुढच्याच बुधवारी, केसरबाई घरात असतानाच, काका चार माणसं, गंगेचा गडू आणि तुळशीची पानं घेऊन हजर! रिकामा पलंग बघून सगळ्यांनी हात जोडले, काकांनी स्तोत्र सुरू केलं. एवढ्यात आई न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अगंबाई, भाऊजी! कोण गेलं?" काकांचा आवाज जो बसला तो चहा घेईपर्यंत उठला नाही. केसरबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लई दिवसांनी हसले बघा, दादा." आईनं सगळ्यांसाठी पोहे करायला लावले. मलाच.

हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि पुढचं राहून गेलं असतं. फोनवर तू रडतेस, मी विनोद करतो, आणि कामाचं काही बोलणं होत नाही.

गेल्या आठवड्यातल्या स्कॅनमध्ये आजार यकृतात दिसला. डॉक्टर म्हणाले, पुढचा केमो पंधरा तारखेला देता येईल, पण त्यातून मिळेल थोडं आणि जाईल जास्त. थांबवलात तर मंजुषाबाईंची माणसं घरीच येतील, आता हॉस्पिस म्हणून. आई सगळं ऐकत होती. रिक्षात म्हणाली, "सुदर्शन, बास आता सुया. तुला काय वाटतं?" मी हो म्हणालो. तिचं वाक्य संपायच्या आत म्हणालो. मग ती घरापर्यंत बाहेर बघत राहिली, आणि तेव्हापासून हा विषय तिनं काढलेला नाही. मीही नाही.

तू पंधराच्या आधी ये. आल्यावर मला भाजी आणायला पाठव आणि आईला एकटीला विचार. केमो घ्यायचा म्हणाली तर मी घेऊन जाईन, नको म्हणाली तर तू माझ्याशी भांडू नकोस. पण विचार तूच. मी विचारलं तर ती माझा चेहरा बघून उत्तर देईल, आणि माझ्या चेहऱ्यावर काय असतं ते मला माहीत आहे. मी दमलोय, मृण्मयी. आषाढापासून सलग झोप नाही. रिक्षात मी हो म्हणालो ते तिचे हाल बघवत नाहीत म्हणून, की माझ्यानं आता होत नाही म्हणून, हे मला खरंच सांगता येत नाही. आणि तिला ते कळलं असेल, याची मला भीती वाटते.

तुझाच,
दादा